ढाणकी घराणं उजवीकडून सुरू होतं

सर म्हशीलासुद्धा वाकून नमस्कार करायचे. टाचेला टाच चिकटवून, तळवे मांड्यांना लावून, कमरेतून पार खाली. समोर म्हैस असो, तहसीलदार असो की उमरखेडहून आलेली रिकामी बस असो, नमस्कार एकाच मापाचा. म्हैस पहिल्या दिवशी बुजली. पुढे पुढे तीही मान खाली घालायला लागली, आणि बाजारात 'शिस्तीची म्हैस' म्हणून तिची विक्री झाली. माझ्यावर विश्वास ठेवू नका, विकणाऱ्याला विचारा. तो आता वारला, पण म्हणून काही गोष्ट खोटी ठरत नाही.

सर एसटीत कंडक्टर होते आणि रविवारी ढाणकीच्या शाळेच्या मैदानावर आम्हाला तायक्वांदो शिकवायचे. लोकांना यातलं काय खरं आणि काय जोडधंदा हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण सर दोन्ही कामं एकत्रच करायचे. बसच्या मधल्या वाटेत ते घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून उभे राहत आणि ढाणकीपासून यवतमाळपर्यंत दांड्याला हात लावत नसत. एखादी म्हातारी कळवळून म्हणायची, "बाबू, धर ना दांडा. पडशीन ना."

"आजी, दांडा धरते तो पडते," सर तिकीट फाडता फाडता सांगायचे.

एकदा बस अशी उधळली की दुधाचे कॅन, एक बोकड आणि नवरदेवासकट अख्खी वरात आडवी झाली. धूळ खाली बसल्यावर पाहतो तर सर जागच्या जागी उभे, आणि बोकडाला विचारून राहिलेत, "कुठं उतरतं?" त्या दिवसापासून आमचा अर्धा सराव बसमध्ये व्हायला लागला. पोट्टेपोट्टी मधल्या वाटेत रांगेनं पाय फाकवून उभे, आणि प्रवासी आमच्या पायांखालून वाकून जायचे. ज्याला खिडकीची जागा मिळाली त्याला सर कच्चा विद्यार्थी मानत.

कोरियन आकडे आम्हाला मराठी पाढ्यांच्या आधी पाठ झाले. हाना, दुल, सेत, नेत. सरांचे दोन चेले पुढे बाजारात हमाल झाले. ते कापसाचं गाठोडं उचलताना हाच ताल धरायचे, त्यांचं ऐकून बाकीच्यांनी धरला. महागावचा एक व्यापारी दरवर्षी माल घ्यायला येई. ढाणकीचे हमाल तेलंगी बोलतात अशी त्याची मरेपर्यंत समजूत होती.

कवेलू फोडण्याचं म्हणाल तर त्यावर एक स्वतंत्र ग्रंथ होईल. प्रात्यक्षिकाला कवेलू लागत, आणि कवेलू लोकांच्या छपरांवर असत. सर रीतसर वाकून नमस्कार करून मागत, त्यामुळे नाही म्हणता येत नसे. आमच्या गावात स्लॅबची घरं भराभर आली त्याचं श्रेय सरकारी योजना घेतात. घेऊ द्या.

सरांचं एक वाक्य मात्र अजून माझ्या डोक्यात आहे. कोणाची लाथ जरा उंच गेली आणि त्याची मान ताठ झाली की सर म्हणायचे, "लात वर जाऊ दे. माणूस खालीच राह्यला पाह्यजे."

आता हे सगळं ढाणकीत आलं कुठून? सर दर रविवारी सराव सुरू होण्याआधी घराण्याचा उगम सांगत. तो फार लांबलचक नव्हता. "कोरिया. मंग कोरियाचा साहेब. मंग मी. मंग तुम्ही. मधात कोणी नाही."

कोरियाचा साहेब म्हणजे सूतगिरणीत मशिनी बसवायला आलेला एक इंजिनिअर. तो सरांच्या बसनं ये-जा करायचा. दांडा न धरता उभा राहणारा कंडक्टर पाहून त्याचा जीव सरांवर जडला. मशिनी बसल्या, साहेब निघाला, आणि निघताना सरांना एक व्हिडिओ कॅसेट देऊन गेला. त्याच्या तरुणपणी त्याच्या गुरूच्या आखाड्यात केलेलं जुनं चित्रण होतं ते. कॅमेऱ्याकडे पाठ करून एक माणूस हातापायांच्या ठरावीक चाली एकामागून एक करत जातो. कोरियन लोक त्या मालिकेला ह्योंग म्हणतात. पाठ अशासाठी, की पाहणाऱ्यानं त्याच्या मागं उभं राहून तसंच करत जावं.

गावात कॅसेट लावायचं यंत्र एकाच ठिकाणी होतं, भगवानभाऊच्या सलूनमध्ये. भगवानभाऊ सरांचा वर्गमित्र. त्यानं टीव्ही मागच्या भिंतीवर उंच फळीवर ठेवला होता. गिऱ्हाइकाची मान हलू नये हा त्याचा धंद्याचा नियम होता, म्हणून गिऱ्हाईक खुर्चीत बसून समोरच्या आरशात टीव्ही पाही. भिंतीशी बाकड्यावर बसणारेही आरशाकडेच तोंड करून बसत. बातम्या, सिनेमा, क्रिकेट, सगळं आरशात. आमच्या पिढीचं आणि यवतमाळच्या लोकांचं डावखुरे बॅट्समन कोण कोण, यावर अजून भांडण आहे.

तर सर ड्यूटी संपवून येत, खुर्चीमागं उभे राहत, आणि भगवानभाऊ दाढ्या करी तोवर ती कॅसेट पाहत हातपाय हलवत. दोन-तीन गिऱ्हाइकांच्या मिशा तेवढ्यात गेल्या. सरांनी ह्योंग तर उचललीच, पण सुरुवातीला पडद्यावर येणारी कोरियन अक्षरंही कागदावर उतरवून घेतली आणि टेलरकडून आमच्या पांढऱ्या ड्रेसच्या पाठीवर शिवून घेतली. शेवटी यंत्रानं एक दिवस ती कॅसेट चावून टाकली. सरांनी तिचं पैनगंगेत विसर्जन केलं आणि परत येताना नदीला वाकून नमस्कार केला.

आमच्यात सगळ्यात तयार चेली शोभा. जवळच्या बंजारा तांड्यावरची. पहिल्या दिवशी पांढरा ड्रेस घालून घरी गेली तर तिची याडी, म्हणजे आई, दारातच ओरडली, "कोण मेलं वं?" पण पोरगी अशी, की तिची लाथ सुटली की आधी वारा लागायचा आणि मग आवाज यायचा. सरांनी तिला यवतमाळला जिल्ह्याच्या स्पर्धेत नेलं. आम्ही सगळे बसच्या मधल्या वाटेत उभं राहून गेलतो.

शोभानं ह्योंग केली.  मग पंच उठला आणि बऱ्या शब्दांतच म्हणाला, "पोरी, छान करतेस. पण उलटं करून राह्यली तू. डावीकडे वळायचं तिथं उजवीकडे, उजवीकडे तिथं डावीकडे. शेवटपर्यंत."

शोभानं सरांकडे पाहिलं. सर उठले, पंचाला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "उलटं आमचं नाही. तुमचं हाय."

"अहो, सारं जग डावीकडून सुरू करते."

"जग चुकू शकते. आमच्या साहेबाचं चुकू शकत नाही."

मैदान हसलं. नुसतं हसलं नाही, त्या हसण्यानं यवतमाळच्या पार आझाद मैदानापर्यंतचे कावळे उडाले. सर ताठ उभे होते. परतीच्या बसमध्ये मात्र एका वळणावर मी पाहिलं, सरांनी दांडा धरला होता.

त्यानंतर सर यवतमाळात उतरले नाहीत. बस घेऊन जात, कारण नोकरी होती. पण स्टँडवर पाय टेकवत नसत. चहा खिडकीतून पीत. डेपोतले लोक विचारत, "काहून बे, खाली काय विंचू हाय का?" सर म्हणत, "कोरियातून कोणी सांगू दे का ढाणकीचं बरोबर हाय. मंग उतरतो." ते रिटायर झाले तरी यवतमाळच्या जमिनीवर त्यांचा पाय लागला नव्हता. आणि कोरियातून ढाणकीला कोण येतं?

कोणी आलं नाही. मोबाइल आला.

शोभा आता महागावात राहते, पोरींना शिकवते. इंटरनेटवर कोरियन युद्धकलेच्या जुन्या लोकांचा एक ग्रुप आहे, त्यात ती शिरली. जगभरातली म्हातारी-कोतारी माणसं तिथं आपापल्या तरुणपणीची चित्रणं टाकतात आणि कोणाचं घराणं कुठून फुटलं यावर भांडतात. आपल्याकडे गाण्याच्या घराण्यांवरून भांडतात ना, तसंच. फक्त इथं भांडणाऱ्याला लाथ मारता येते. शोभानं आमच्या जुन्या प्रात्यक्षिकाचं चित्रण टाकलं. ते लग्नाची शूटिंग करणाऱ्यानं केलेलं, त्यामुळे सर पहिलं कवेलू फोडतात तेव्हा वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात, आणि शेवटी सर एका बदामात गोल गोल फिरत नाहीसे होतात.

ग्रुपमध्ये धरणीकंप झाला. पहिल्यानं म्हटलं, तुमचं चित्रण उलटं टाकलंय, सरळ करा. शोभानं लिहिलं, मागं शाळेची मराठी पाटी बघा, सरळ वाचता येते. मग कोणीतरी आमच्या पाठीवरची अक्षरं पाहिली. अक्षरं कोरियन होती आणि उलटी होती, आणि त्यांच्या मागची मराठी पाटी सुलटी होती. ब्राझीलचा एक जण म्हणाला, ही गुप्त लिपी आहे. जर्मनीचा म्हणाला, हे युद्धात हरवलेलं डावखुऱ्यांचं घराणं आहे. गुलाबाच्या पाकळ्यांना तर त्यांनी दीक्षाविधी ठरवून टाकलं. बघता बघता त्यांच्या इतिहासात 'ढाणकी शाखा' अशी एक फांदी उगवली आणि खाली प्रश्नचिन्ह.

मग कोरियातल्या एका फार वृद्ध गुरूनं कळवलं, की ही ह्योंग माझ्या आखाड्याची आहे. मला त्या माणसाशी बोलायचं आहे.

शोभा ही बातमी घेऊन सरांकडे गेली तेव्हा सर गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "काय म्हणते तो?"

"बोलाचं हाय म्हणते, सर. पाहाचं हाय म्हणते."

"बरोबर हाय म्हणते का?"

"ते नाही सांगितलं अजून."

 सरांनी तिला सोमवारी यायला सांगितलं.

सोमवार अशासाठी, की सोमवारी सलून बंद असतं आणि गावात नेट फक्त भगवानभाऊकडे धड चालतं. मी यवतमाळला कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे. म्हातारा कोरियनमध्ये बोलणार, त्याची नात इंग्रजीत सांगणार, आणि मी वऱ्हाडीत. सर ठेवणीतला पांढरा ड्रेस घालून आले, शोभाही तिचा घालून आली. सरांच्या पोटावर पट्ट्याची गाठ बसत नव्हती, ती भगवानभाऊनं बसवली. "कंडक्टर, श्वास सोडू नको. पट्टा सुटला तर कोरियाले लागंल." सर नेहमीसारखे खुर्चीत बसले, आरशाकडे तोंड करून. मोबाइल आरशापुढच्या फळीवर सरांकडे रोखून ठेवला. भगवानभाऊचा टीव्ही आता पातळ झालाय, पण आहे त्याच मागच्या भिंतीवर. शोभानं मोबाइल टीव्हीला जोडला, आणि सरांना आरशात कोरिया दिसला.

एक वाळका म्हातारा. पाठ सरळ काठीसारखी. शेजारी नात. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना असा नमस्कार केला की इकडे सरांचं कपाळ फळीवरच्या पावडरच्या डब्यावर आपटलं.

म्हातारा म्हणाला, आधी मी तुम्हाला एक चित्रण दाखवतो. माझ्या आखाड्यातलं आहे, करणारा मीच आहे. आणि टीव्हीवर ते लागलं. पाठमोरा तरुण, मातीचं अंगण, आधी ती अक्षरं.

सर खुर्चीतून अर्धे उठले. "हेच! भगवान्या, हेच ना बे ते? हीच कॅसेट!" आरशातला तरुण उजवीकडे वळला. सरांचा उजवा हात आपोआप उठला. "पाह्य. उजवीकडून. हाय का नाही? शोभे, पाह्यलं? उजवीकडून!" सरांचा आवाज फाटला होता. "सांग त्या यवतमाळवाल्याले!"

मीही आरशातच पाहत होतो, ढाणकीचा माणूस ना मी. मला वाटलं, आता ढोल लावावे.  तेच सांगायला मी शोभाकडे वळलो. ती उभी होती, आणि तिची नजर आरशात नव्हती. ती सरळ टीव्हीकडे पाहत होती. टीव्हीवरचा तरुण डावीकडे वळत होता.

मी आरशात पाहिलं: उजवीकडे. टीव्हीत पाहिलं: डावीकडे. मी आयुष्यात खूप गोष्टी वाढवून सांगितल्या आहेत, पण त्या क्षणी मला एकही सुचली नाही.

आमच्या तोंडाकडे पाहून भगवानभाऊही वळला. त्याच्या हातातला कंगवा पडला. मग त्यानं खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि फार हळू विचारलं, "कंडक्टर, खुर्ची फिरवू का रे जराशीक?"

"कायले?"

"फिरवतो ना."

सलूनची खुर्ची ती, अर्धा फेरा घ्यायला कितीसा वेळ? पण कर्र करत ती जी फिरली, तेवढ्यात ढाणकी ते यवतमाळ जाऊन बस परत आली असती. सर टीव्हीसमोर आले. चित्रण पुन्हा पहिल्यापासून लागलं होतं. अक्षरं आली. सरांनी ती पाहिली, मग शोभाच्या पाठीवर शिवलेली पाहिली. तरुण डावीकडे वळला. सरांचा हात मांडीवरच राहिला.

चित्रण संपलं, म्हातारा परत आला. शोभानं मोबाइल उचलून टीव्हीखाली आणून धरला. म्हाताऱ्यानं विचारलं, नातीनं विचारलं, मी सांगितलं, "सर, ते विचारतात, तुमची ह्योंग उजवीकडून काहून सुरू होते?"

 सरांनी ओठ पुसले. "सांग त्याले. आरशात पाहून शिकलो. कॅसेट मांगं होती, आरसा पुढं होता. ध्यानातच नाही आलं."

मी नातीकडे वळलो आणि इंग्रजीत सांगितलं, की आमच्या प्रदेशात सूर्याच्या दिशेनं, म्हणजे उजवीकडून आरंभ करण्याची प्राचीन परंपरा...

"सर असं नाही म्हणाले," शोभा म्हणाली. इंग्रजी तिलाही येतं, हे मी विसरलो होतो.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय सांगितलं बे तू?"

"थोडं... शोभेसाठी, सर."

"जे सांगितलं ते सांग. माणूस खालीच राह्यला पाह्यजे."

मग मी जसंच्या तसं सांगितलं. आरसा, दाढी, गिऱ्हाइकाची मान, सगळं. नातीनं तोंडावर हात धरला. ती हसू दाबत होती हे दिसत होतं. तिनं म्हाताऱ्याला सांगितलं. म्हातारा हसला नाही. तो बराच वेळ सरांच्या गुडघ्यांकडे पाहत राहिला आणि मग काहीतरी बोलून उठला. स्टूल मागं सारलं.

"सर, ते विचारतात, उठता येते का?"

"येते."

म्हातारा आमच्याकडे तोंड करून उभा. सर त्याच्याकडे तोंड करून. तो म्हणाला, "हाना." म्हातारा त्याच्या डावीकडे वळला, सर त्यांच्या उजवीकडे. आणि टीव्हीच्या काचेच्या अलीकडे एक, पलीकडे एक, दोन्ही म्हातारे एकाच बाजूला गेले. दुल. दोघंही परत आले, एकाच बाजूनं. सरांचा गुडघा कटकन वाजला, आणि खोटं सांगत नाही, तिकडूनही कटकन आवाज आला. हात वर, कोपर खाली, वळसा, पाऊल. कुठंच एकमेकांच्या विरुद्ध नाही. कोणी नवखा दारातून आत आला असता तर त्याला वाटलं असतं, एक म्हातारा आरशापुढं उभा आहे.

"हे तर जुळून राह्यलं बे," भगवानभाऊ कुजबुजला.

शेवटच्या नमस्कारानंतर सर धापा टाकत उभे राहिले. पट्टा सुटून पायात पडला होता, तो कोणीच उचलला नाही.   सर म्हाताऱ्याच्या ओठांकडे असे पाहत होते जसं पोरगं निकालाच्या पाटीकडे पाहतं. म्हातारा बोलला. नात बोलली. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली, कारण दुसऱ्यांदा थापा मारायची माझी हिंमत नव्हती.

"सर, ते म्हणतात, तिसऱ्या वळणावर तुमचं कोपर पडून राह्यलं. वर धरा."

"अन् डावं-उजवं?"

"ते काही नाही म्हणाले."

"काहीच नाही?"

"फक्त कोपर, सर. पुढच्या सोमवारी परत पाहतो म्हणाले."

सरांनी टीव्हीला नमस्कार केला. इतका खाली गेले की वर यायला भगवानभाऊला हात द्यावा लागला. ग्रुपच्या इतिहासात त्या फांदीखालचं प्रश्नचिन्ह त्याच आठवड्यात गेलं. तिथं आता लिहिलंय, 'ढाणकी, आरशातून'. शोभाच्या पोरी दोन्हीकडून करतात, महागाव-यवतमाळला डावीकडून आणि सरांसमोर उजवीकडून. सर मात्र त्या सोमवारी, नमस्कार झाल्यावर, खुर्चीत जाऊन बसले. डोळे ओले होते, पण चेहरा बसमधल्यासारखा, कुठलाही दांडा न धरलेला.

"शोभे, यवतमाळची गाडी किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं.

"चारले, सर. काहून?"

"स्टँडवर उतरून चहा पिऊ म्हणतो." मग ते भगवानभाऊकडे वळले. "भगवान्या, खुर्ची फिरव."

"आता कोणीकडं? आरशाकडं? इतकं होऊन?"

"आरशाकडंच," सर म्हणाले. "कोपर पाहाचं हाय."